लिनक्सवर इंडी गेमचे डेमो: ते चालतात कसे आणि अडतात कुठे

स्टीम या गेमविक्रीच्या दुकानात दर वर्षी फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर महिन्यांत ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाचा आठवडाभराचा उत्सव भरतो आणि अजून प्रकाशित न झालेल्या गेमचे डेमो, म्हणजे नमुन्यादाखल खेळायचे भाग, त्या आठवड्यात मोफत खेळायला मिळतात. डिसेंबर २०१९ मध्ये या उपक्रमाची सुरुवात वेगळ्या नावाने झाली, जून २०२१ पासून त्याला सध्याचे नाव मिळाले. एका गेमला या उत्सवात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे दर वेळी यादी नवी असते. त्यातले बहुसंख्य गेम एकदोन माणसांनी किंवा एखाद्या लहान चमूने, मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळाशिवाय केलेले असतात. त्यांनाच इंडी गेम म्हणतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा खेळाडू ही यादी चाळू लागला की बहुतेक डेमोंच्या पानावर त्याला फक्त विंडोजचे चिन्ह दिसते. तरीही त्यांतले बरेचसे डेमो लिनक्सवर इन्स्टॉलचे बटण दाबताच उतरतात आणि चालू लागतात. हे कसे घडते, आणि जेव्हा घडत नाही तेव्हा नेमके काय अडलेले असते, हे कळले तर डेमोचा उपयोग कितीतरी पटींनी वाढतो.

विंडोजवर खेळणाऱ्याला डेमोकडून मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते, ते म्हणजे हा गेम आपल्याला आवडतो का. लिनक्सवर खेळणाऱ्याला त्याआधी आणखी एक उत्तर हवे असते: हा गेम आपल्या संगणकावर, आपल्या ग्राफिक्स कार्डावर, ते कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर या प्रोग्रॅमवर धड चालतो का? इतरांनी दिलेले अभिप्राय इतरांच्या संगणकांविषयी असतात, आणि नव्या इंडी गेमच्या बाबतीत प्रकाशनापूर्वी ते बहुधा उपलब्धच नसतात. म्हणून माझ्या मते लिनक्सवाल्याला डेमोची गरज विंडोजवाल्यापेक्षा अधिक आहे. मात्र डेमोने दिलेले उत्तर नीट वाचता यायला हवे. डेमो बंद पडला म्हणजे गेम लिनक्सवर चालणारच नाही, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो म्हणजे काय होते

कोणताही गेम म्हणजे शेवटी प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांची फाइल. विंडोजच्या गेममधल्या आज्ञा ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या असतात, त्याच जातीचा प्रोसेसर लिनक्स घातलेल्या नेहमीच्या लॅपटॉपमध्येही असतो. त्यामुळे आकडेमोड करणे, पात्राची उडी कुठे पडेल ते ठरवणे, शत्रूने कोणत्या वाटेने यायचे ते शोधणे ही कामे कोणत्याही रूपांतराशिवाय थेट होतात. अडचण येते ती गेम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखवणे, आवाज वाजवणे, कंट्रोलरचे कोणते बटण दाबले गेले ते विचारणे या सगळ्या मागण्या तो विंडोजबरोबर येणाऱ्या डीएलएल नावाच्या लायब्ररींकडे, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचांकडे, करतो, आणि लिनक्समध्ये त्या लायब्ररी नसतात. वाइन हा मुक्त प्रकल्प १९९३ पासून हीच उणीव भरून काढतो आहे. त्याच नावांच्या आणि त्याच मागण्या स्वीकारणाऱ्या लायब्ररी त्याने नव्याने लिहिल्या आहेत आणि त्या आतून लिनक्सकडून काम करून घेतात. यात विंडोजचा आख्खा संगणक कल्पनेने उभा केला जात नाही, म्हणूनच वेग फारसा कमी होत नाही.

चित्र काढण्याचा भाग सर्वांत अवघड होता. विंडोजचे बहुतेक गेम मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाशी बोलतात. वाइन बरीच वर्षे त्या मागण्यांचे रूपांतर ओपनजीएल या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत करत असे, आणि त्यात वेग बराच घटत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस ग्रुप या उद्योगसंघाने व्हल्कन ही नवी पद्धत प्रसिद्ध केली. ती ग्राफिक्स कार्डाच्या खऱ्या कामकाजाच्या अधिक जवळ आहे, म्हणून तिच्यावर रूपांतराचा थर उभा करणे सोपे झाले. डीएक्सव्हीके हा असाच एक थर डायरेक्टथ्रीडीच्या अकराव्या आवृत्तीपर्यंतच्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलतो. बाराव्या आवृत्तीसाठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हा वेगळा थर आहे. वाइन, असे थर आणि इतर अनेक दुरुस्त्या एकत्र बांधून स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्सच्या साहाय्याने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ स्टीममध्येच बसवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र लोकांच्या हाती पडू लागले आणि प्रोटॉनची काळजी घेण्याला व्यावसायिक कारणही मिळाले.

इंडी गेमना या व्यवस्थेचा विशेष फायदा होतो. लहान चमू स्वतःचे गेम-इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभारायचा तो पाया, क्वचितच लिहितो. तो युनिटी, गोडो, अनरिअल किंवा गेममेकर यांपैकी एखादे तयार इंजिन घेतो. त्यामुळे गेम कालच प्रसिद्ध झालेला असला तरी त्याच्या आतले यंत्र हजारो गेमांनी आधीच वापरलेले असते आणि प्रोटॉनला त्याच्या मागण्या परिचयाच्या असतात. युनिटीचे गेम विंडोजवर बहुधा डायरेक्टथ्रीडीच्या अकराव्या आवृत्तीवर चालतात, आणि डीएक्सव्हीके ते काम अतिशय चोख करतो. अनरिअलच्या पाचव्या आवृत्तीचा कल बाराव्या आवृत्तीकडे असतो. तेथे रूपांतर जड होते आणि ग्राफिक्स कार्डही नव्या पिढीचे लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरिअलच्या चौथ्या आवृत्तीवर केलेला आहे, म्हणजे या दोन टोकांच्या मधला. काही इंडी निर्माते याहून साधी साधने वापरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला आणि डेमोमुळे आधीच गाजलेला ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम लव्ह नावाच्या लहानशा मुक्त इंजिनवर लिहिलेला आहे. अशा गेममध्ये प्रोटॉनला अडण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

जुन्या लॅपटॉपला आणखी काही वर्षे वापरता यावे म्हणून लिनक्स घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या आवृत्तीला व्हल्कनची १.३ ही आवृत्ती लागते, आणि प्रोटॉनच्या आठव्या आवृत्तीपासून पुढे हाच डीएक्सव्हीके आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स किंवा एनव्हिडियाची केपलर पिढीची कार्डे ही अट पूर्ण करत नाहीत. अशा यंत्रावर डेमो उघडताच बंद पडला तर दोष गेमचा नाही आणि लिनक्सचाही नाही. स्टीममध्ये त्या डेमोसाठी प्रोटॉनची सातवी आवृत्ती निवडून पाहावी, आणि लहान द्विमितीय गेम असेल तर तेवढ्यानेही काम भागते. हार्डवेअर पुरेसे असूनही ड्रायव्हर जुना असल्याने हीच अडचण येऊ शकते. एएमडी आणि इंटेलसाठी मेसा हा मुक्त ड्रायव्हरसंच, तर एनव्हिडियासाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर अद्ययावत ठेवणे, हे डेमो उतरवण्याच्याही आधीचे काम आहे.

फक्त डेमोलाच भेडसावणाऱ्या अडचणी

पूर्ण गेम लिनक्सवर सुरळीत चालत असताना त्याचाच डेमो कधीकधी अडखळत होता, असे दिसते. याची कारणे नवेपणाशी जोडलेली आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण शेडरचे. प्रकाश, सावली, पाणी, धूर असे परिणाम दाखवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या लहान प्रोग्रॅमना शेडर म्हणतात. ते प्रत्येक कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी वेगळे तयार करावे लागतात. एखादा नवा परिणाम पडद्यावर पहिल्यांदा येतो त्या क्षणी त्याचा शेडर तयार होऊ लागला की चित्र अर्धा क्षण गोठते. लोकप्रिय गेमच्या बाबतीत स्टीम इतर खेळाडूंकडून गोळा झालेली शेडरची माहिती आपल्याला आधीच पाठवते आणि गेम सुरू होण्यापूर्वी ते काम उरकून घेते. कालच आलेल्या डेमोसाठी अशी माहिती कोणाकडूनच जमलेली नसते. डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्या आणि नवे ड्रायव्हर ही अडचण पुष्कळच कमी करतात, तरी ती सर्वस्वी नाहीशी होत नाही. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतल्या झटक्यांवरून गेमचा वेग ठरवू नये. तोच भाग पुन्हा खेळून पाहावा. दुसऱ्या वेळी झटके गेले असतील तर ते शेडरचे होते, आणि तसेच राहिले असतील तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

दुसरे कारण चित्रफितीचे. गेमच्या सुरुवातीला किंवा कथेच्या वळणावर निर्माता एखादी आधीच तयार केलेली चित्रफीत दाखवतो. विंडोजवर ती मीडिया फाउंडेशन या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतून वाजते आणि तिच्या काही कोडेकवर, म्हणजे चित्रफीत उलगडण्याच्या पद्धतींवर, पेटंट आहेत, त्यामुळे व्हॉल्व्हला ते सरसकट प्रोटॉनमधून वाटता येत नाहीत. यावर कंपनीने काढलेला तोडगा असा की गेममधल्या चित्रफिती स्वतःच्या सर्व्हरवर मुक्त स्वरूपात रूपांतरित करायच्या आणि शेडरच्या माहितीबरोबरच खेळाडूला पाठवायच्या. जोवर ते रूपांतर झालेले नसते तोवर चित्रफितीच्या जागी टीव्हीच्या चाचणीचित्रासारखे उभे रंगीत पट्टे दिसतात. हे पट्टे पाहून अनेक जण डेमो बिघडला असे समजतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एखादे बटण दाबून ते दृश्य वगळता येते आणि पुढचा गेम व्यवस्थित चालतो. जी गोष्ट त्या चित्रफितीत सांगितली होती ती मात्र हुकते. ते खपत नसेल तर जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांकडून तयार होणारी आवृत्ती वापरून पाहता येते. तीत चित्रफितींसाठी अधिकची सोय केलेली असते.

तिसरी गोष्ट सेव्हची, म्हणजे खेळातली प्रगती साठवणाऱ्या फाइलची. तिच्याविषयी फार कमी बोलले जाते आणि सर्वाधिक मनस्ताप तीच देते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. अनेक इंडी निर्माते डेमोमधली प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे चालू राहील असे आश्वासन देतात. विंडोजवर हे सहज घडते, कारण डेमो आणि पूर्ण गेम दोघेही वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात एकाच ठिकाणी फाइल ठेवतात आणि पूर्ण गेम तिथे जाऊन डेमोची फाइल उचलतो. प्रोटॉन मात्र प्रत्येक गेमसाठी विंडोजचा एक स्वतंत्र आभासी ड्राइव्ह तयार करतो. एका गेमसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला त्रासदायक ठरू नये हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. पण स्टीमच्या नोंदीत डेमो आणि पूर्ण गेम यांचे क्रमांक वेगळे असतात. त्यामुळे त्यांचे आभासी ड्राइव्हही वेगळे होतात आणि पूर्ण गेमला डेमोची फाइल दिसतच नाही. निर्मात्याने क्लाउडमधली जागा दोघांसाठी सामायिक केलेली असेल तर प्रश्न येत नाही. ती सोय स्टीममध्ये आहे, पण सगळेच वापरत नाहीत. अन्यथा फाइल हाताने हलवावी लागते. स्टीमॲप्स फोल्डरात कॉम्पॅटडेटा नावाचा फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक गेमच्या क्रमांकाचा एक फोल्डर. डेमोचा क्रमांक स्टीमच्या लायब्ररीत, म्हणजे आपल्या गेमच्या यादीत, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या अपडेट्स या पानावर दिसतो. त्या क्रमांकाच्या फोल्डरातल्या ‘ड्राइव्ह सी’मध्ये, ‘स्टीमयुजर’ या वापरकर्त्याच्या ॲपडेटाखाली निर्मात्याच्या किंवा गेमच्या नावाचा फोल्डर सापडतो. तो उचलून पूर्ण गेमच्या क्रमांकाखाली त्याच जागी ठेवला की प्रगती परत मिळते, मात्र पूर्ण गेम एकदा उघडून बंद केलेला असावा, म्हणजे त्याचा ड्राइव्ह तयार झालेला असतो. आणि डेमो काढून टाकण्यापूर्वीच ही फाइल बाजूला काढून ठेवावी, कारण डेमोबरोबर त्याचा आभासी ड्राइव्हही जाऊ शकतो.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. जागा वाचवण्यासाठी ते डिस्कवरच्या विंडोजच्या एनटीएफएस विभागावरच स्टीमची लायब्ररी ठेवतात आणि लिनक्समधूनही तीच वापरतात. प्रोटॉनच्या आभासी ड्राइव्हमध्ये सांकेतिक दुवे (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात आणि काही नावांत विसर्गचिन्हासारखा कोलन असतो, आणि विंडोजच्या विभागावर या दोन्ही गोष्टी सुरळीत राहत नाहीत. परिणामी डेमो सुरू होतो असे वाटते आणि काही सेकंदांत शांतपणे बंद होतो. लायब्ररी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस अशा लिनक्सच्या विभागावर ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

लिनक्ससाठी म्हणून दिलेला डेमो

युनिटी आणि गोडो या इंजिनांत लिनक्ससाठीची आवृत्ती तयार करणे निर्मात्याला सोपे असते, म्हणून काही डेमो थेट लिनक्ससाठी मिळतात. अशी आवृत्ती चांगली असेल तर तिच्यासारखे सुख नाही. मधले सगळे थर गळून पडतात, आणि डेमो व पूर्ण गेम दोघेही आपल्या होम फोल्डरात एकाच ठिकाणी सेव्ह ठेवत असल्याने वर सांगितलेला घोळही बहुधा होत नाही. कारखाना उभारण्याच्या ‘फॅक्टोरिओ’ या गेमचा मोफत डेमो याचे उत्तम उदाहरण आहे. तो लिनक्ससाठी दिला जातो आणि त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सच्या आवृत्तीची वर्षानुवर्षे मनापासून काळजी घेतली आहे.

परंतु आवृत्ती तयार करणे आणि ती प्रत्यक्ष चालवून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकट्याने गेम करणाऱ्या निर्मात्याकडे लिनक्सचा संगणक असेलच असे नाही. तो विंडोजवर बसून लिनक्सची आवृत्ती काढतो, चढवतो आणि सदिच्छेने लोकांपुढे ठेवतो. मग अशा चुका राहून जातात ज्या त्याच्या संगणकावर कधी दिसल्याच नसत्या. रोमन अक्षरांत लिहिलेल्या फाइलच्या नावातली लहान आणि मोठी अक्षरे विंडोज एकच मानतो, लिनक्स वेगळी मानतो. प्रोग्रॅममध्ये एक रूप आणि डिस्कवर दुसरे असले तर विंडोजवर चित्र दिसते आणि लिनक्सवर पात्र अदृश्य होते किंवा गेम बंद पडतो. कधी गेमला हवी असलेली लायब्ररी आपल्या वितरणात (लिनक्सच्या उबुंटूसारख्या तयार संचात) वेगळ्या आवृत्तीची असते. हा दुसरा प्रश्न सोडवण्यासाठी स्टीम ‘लिनक्स रनटाइम’ नावाचा ठरलेल्या लायब्ररींचा संच स्वतःच पुरवते आणि गेम त्या बंदिस्त वातावरणात चालवते, म्हणजे उबुंटू असो, फेडोरा असो की आर्च, गेमला आजूबाजूला तेच दिसते.

लिनक्सची आवृत्ती अडखळत असेल तर गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी या पानावर जाऊन प्रोटॉन सक्तीने निवडावा. स्टीम मग विंडोजच्या फाइल उतरवते आणि डेमो प्रोटॉनमधून चालवते. लिनक्सवर प्रेम करणाऱ्या काही जणांना असे करणे खटकते, पण मला त्यात वावगे काही वाटत नाही. निर्मात्याने जी आवृत्ती रोज चालवून पाहिली आहे ती खेळणे हे त्याच्या श्रमांना न्याय देणारेच आहे. एवढेच लक्षात ठेवावे की आवृत्ती बदलली की सेव्ह ठेवण्याची जागाही बदलते.

प्रोटॉनच्या आवृत्त्यांपैकी कोणती निवडावी याचा फार विचार करण्याची गरज नाही. स्टीमने आपणहून निवडलेली आवृत्ती आधी वापरावी. ती अडली तर ‘प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल’ वापरावी, कारण नव्या गेमसाठी केलेल्या दुरुस्त्या सर्वांत आधी तिच्यात येतात. एकाच वेळी दहा पर्याय बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल करावा. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडू स्वतःचे अनुभव नोंदवतात आणि स्टीम डेकसाठी व्हॉल्व्हही गेम तपासून श्रेणी देते. पण या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने पूर्ण गेमसाठी असतात, डेमोविषयी तिथे क्वचितच काही सापडते. शिवाय डेकची श्रेणी ठरवताना लहान पडद्यावर अक्षरे वाचता येतात का, कंट्रोलरची चिन्हे बरोबर दिसतात का, हेही पाहिले जाते. त्यामुळे तिथे कमी श्रेणी मिळालेला गेम घरच्या मोठ्या पडद्यावर उत्तम चालू शकतो.

डेमो हातात असताना आवडीच्या भागातच रमून जाणे स्वाभाविक आहे, पण थोडा वेळ मुद्दाम चाचणीसाठी काढावा. पडद्याचे रिझोल्यूशन बदलून पाहावे, पूर्ण पडद्यावरून दुसऱ्या खिडकीत जाऊन परत यावे, खेळ चालू असताना कंट्रोलर जोडावा, गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर प्रगती टिकली आहे का ते पाहावे. प्रोटॉनवरचे बरेचसे दोष अशाच कडेच्या जागी असतात; मधला खेळ नीट चालतो आणि बाहेर पडताना गेम अडकून राहतो.

स्टीमबाहेरचे डेमो

इच डॉट आयओ हे इंडी निर्मात्यांचे आवडते ठिकाण २०१३ पासून आहे आणि अनेक गेमांचे अगदी पहिले, कच्चे डेमो तिथेच दिसतात. ‘बकशॉट रूलेट’ हा गोडोवर केलेला छोटा गेम डिसेंबर २०२३ मध्ये तिथेच प्रथम आला आणि तिथल्या लोकप्रियतेनंतर पुढच्या वर्षी स्टीमवर पोहोचला. तिथून उतरवलेली लिनक्सची आवृत्ती पुष्कळदा दोनदा क्लिक करूनही उघडत नाही. विंडोजवर तयार केलेल्या झिप फाइलमध्ये ‘ही फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येईल’ ही लिनक्सची परवानगी नोंदलेली नसते, हे त्याचे कारण असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती परवानगी द्यावी, की काम होते. विंडोजचाच डेमो असेल तर बॉटल्स किंवा लुट्रिस यांसारख्या मुक्त प्रोग्रॅममधून तो चालवता येतो, किंवा स्टीममध्ये ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून जोडून प्रोटॉन निवडता येतो.

येथे सुरक्षिततेविषयी बोलणे आवश्यक आहे. विंडोजचे व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत, म्हणून वाइनमध्ये काहीही निर्धास्तपणे उघडावे, असा समज प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. वाइन हा सुरक्षेचा पिंजरा नाही. नेहमीच्या मांडणीत त्याच्या ‘झेड’ ड्राइव्हमधून लिनक्सची सगळी फाइलव्यवस्था दिसते, म्हणजे आपला होम फोल्डर आणि त्यातली कागदपत्रे विंडोजच्या प्रोग्रॅमला वाचता येतात आणि खोडताही येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा मोफत गेम मालवेअर सापडल्यामुळे स्टीमवरूनच काढावा लागला होता, म्हणजे मोठ्या दुकानातही हे घडू शकते. अनोळखी निर्मात्याचा, स्टीमबाहेरच्या दुव्यावरून मिळालेला डेमो फ्लॅटपॅक या बंदिस्तपणे चालणाऱ्या ॲपच्या स्वरूपातल्या बॉटल्समधून चालवणे अधिक बरे, कारण फ्लॅटपॅक त्या प्रोग्रॅमला होम फोल्डरपासून बऱ्याच अंशी दूर ठेवतो. संगणकावर स्वतंत्र वापरकर्ता खाते करून त्यातूनच असे डेमो खेळणे हाही साधा आणि परिणामकारक मार्ग आहे.

निर्मात्याला काय कळवावे

डेमो हा निर्मात्यासाठी शिकण्याचा काळ असतो आणि गेममध्ये बदल करणे तेव्हा शक्य असते. प्रकाशनानंतर आलेल्या तक्रारीपेक्षा डेमोच्या आठवड्यात आलेली तक्रार त्याला कितीतरी अधिक उपयोगी पडते. लिनक्स वापरणारे खेळाडू या कामात किती मोलाचे ठरतात याचा एक बोलका दाखला आहे. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या गोडोवर केलेल्या अंतराळयानाच्या गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये आपली आकडेवारी जाहीर केली. त्याच्या विक्रीत लिनक्सवाल्यांचा वाटा सुमारे ५.८ टक्के होता, पण दोषांच्या नोंदींत तो ३८ टक्क्यांहून अधिक होता. वरवर पाहता हे लिनक्सची आवृत्ती बिघडलेली असल्याचे लक्षण वाटेल. प्रत्यक्षात त्या सुमारे ४०० नोंदींपैकी फक्त ३ दोष केवळ लिनक्सचे होते. बाकीचे सर्व विंडोजवरच्या खेळाडूंनाही भोवत होते, त्यांनी ते कळवले नव्हते एवढेच. नोंदी तपशीलवार होत्या आणि दोष पुन्हा कसा घडवून आणायचा हे त्यांत लिहिलेले होते, याबद्दल निर्मात्याने लिनक्सवाल्यांचे मनापासून कौतुक केले.

असा अहवाल लिहिणे अवघड नाही. स्टीमच्या मदत विभागात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर वितरण, कर्नल (लिनक्सचा गाभा), ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर यांची सगळी माहिती एकत्र मिळते; ती तशीच जोडावी. आपण लिनक्सची आवृत्ती खेळत होतो की प्रोटॉनमधून, आणि प्रोटॉन असल्यास त्याची कोणती आवृत्ती, हे पहिल्याच ओळीत लिहावे. मग काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले ते क्रमाने सांगावे. युनिटीचे गेम स्वतःच्या फोल्डरात ‘प्लेयर’ नावाची लॉग फाइल ठेवतात, ती जोडली तर निर्मात्याचे अर्धे काम झालेले असते.

फक्त एक भेद पाळला पाहिजे. निर्मात्याने लिनक्सची आवृत्ती दिलीच नसेल आणि दोष केवळ प्रोटॉनवर दिसत असेल, तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. अशा दोषासाठी व्हॉल्व्हने गिटहब या प्रोग्रॅमच्या कोडसाठीच्या संकेतस्थळावर प्रोटॉनची खुली नोंदवही ठेवली आहे आणि तिथे प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र धागा असतो. गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केला की होम फोल्डरात गेमच्या क्रमांकाची एक फाइल तयार होते, ती तिथे जोडावी. दोष कोणाचा हे कळत नसेल तर विंडोजवर खेळणाऱ्या एखाद्या मित्राला तोच प्रसंग खेळून पाहायला सांगावे. निर्मात्याला मात्र इतके अवश्य कळवावे की डेमो प्रोटॉनवर चालला. चालत असल्याची बातमी फार थोडे लोक देतात, आणि लिनक्सकडे लक्ष द्यावे की नाही या विचारात असलेल्या लहान निर्मात्याला तिचा आधार वाटतो.

उत्सव संपल्यावर अनेक निर्माते डेमो काढून घेतात, म्हणून आवडलेला डेमो त्या आठवड्यातच पाहून घ्यावा. जुलै २०२४ पासून डेमो इन्स्टॉल न करताही लायब्ररीत जोडून ठेवता येतो आणि निर्मात्याची इच्छा असेल तर डेमोचे स्वतंत्र पान व त्यावर अभिप्रायांची सोयही असते; लिनक्सवरचा अनुभव तिथे दोन ओळींत लिहिला तर पुढच्याला उपयोगी पडतो.

पूर्ण गेम बाहेर पडेपर्यंत काही महिने गेलेले असतात आणि त्या काळात निर्मात्याने इंजिन बदललेले असू शकते, अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय आणलेली असू शकते आणि तिच्यासाठी चीटिंग रोखणारा प्रोग्रॅमही जोडलेला असू शकतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोन्ही प्रोग्रॅम २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण निर्मात्याने ती परवानगी स्वतःहून दिली तरच. डेमोत एकट्याने खेळताना ही गोष्ट कळत नाही. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मिळतात, आणि डेमोत घालवलेला वेळ त्या दोन तासांत धरला जात नाही. तेव्हा गेम घेतल्यावर सेव्हची फाइल जागेवर ठेवून, डेमोत पाहिलेला भाग ओलांडून, जे डेमोत नव्हते तेच आधी उघडून पाहावे.